अळणी क्रॉकपॉटमध्ये, फोडणी गॅसवर

अमेरिकेतल्या मराठी घरांत स्लो कुकर फारसा कुणी ठरवून विकत घेत नाही, तो येतो. कुणी गृहप्रवेशाला देतं, कुणी कायमचं भारतात परतताना उरलेल्या सामानाबरोबर देऊन जातं, नाहीतर थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून कार्टमध्ये पडतो. पहिल्या आठवड्यात त्यात चिकन होतं, दुसऱ्यात डाळ. मग घरात कुणी काही बोलत नाही, पण ताटात भाजी उरायला लागते, आणि भांडं बेसमेंटमध्ये इडलीच्या स्टँडशेजारी जाऊन बसतं. तक्रार बहुतेकांची एकच असते. सगळं शिजतं, पण सगळं सारखंच लागतं: पाणचट, गोडसर आणि कच्च्या कांद्याच्या वासाचं.

तक्रार रास्त आहे. सकाळी सगळं भांड्यात घालावं, बटण दाबावं आणि संध्याकाळी थेट जेवायला बसावं, अशी या वस्तूची पन्नास वर्षांची जाहिरात. मराठी स्वयंपाकाची निम्मी चव परतण्यात आणि फोडणीत असते, आणि नेमकी हीच दोन कामं या भांड्याला जमत नाहीत. त्याला एकच काम येतं, मऊ करण्याचं. ते मात्र ते फार चांगलं करतं.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहणारी, मूळची कोल्हापूरची एक नर्स हे तत्त्व धरून गेली काही वर्षं क्रॉकपॉट वापरते आहे. तिथल्या मराठी घरांत 'स्लो कुकर' कुणी म्हणत नाही. भांडं कुठल्याही कंपनीचं असो, ते 'क्रॉकपॉट'च. तिची पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात, आठवड्यातून तीन दिवस. पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंटची माहिती सोपवून, गाडी काढून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. त्या तीन दिवसांसाठी हे भांडं पुन्हा वर आलं. उरलेले दिवस तिच्याकडे बहुतेक साधा प्रेशर कुकरच चालतो, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही.

नर्सच्या सवयीनं तिनं आधी भांड्याचा ताप मोजला.

ही चाचणी अमेरिकेतल्या विद्यापीठांचे गृहविज्ञानाचे विस्तार विभाग लोकांना शिकवतात. भांडं अर्ध्याहून थोडं जास्त साध्या पाण्यानं भरायचं, झाकण लावून 'लो'वर आठ तास ठेवायचं आणि झाकण काढल्या काढल्या पाण्यात थर्मामीटर बुडवायचा. पाणी साधारण १८५ फॅरनहाइट, म्हणजे ८५ अंश सेल्सियसला पोचलेलं असायला हवं. बरंच कमी भरलं तर भांडं अन्न सुरक्षित शिजवण्याच्या लायकीचं उरलेलं नाही, मग ते कितीही लाडकं असो. बरंच जास्त भरलं तर पुस्तकात आठ तासांचं म्हणून दिलेलं मटण त्याआधीच हाडं सोडून मोकळं होणार. तिच्या भांड्यातलं पाणी खूपच वर गेलेलं निघालं. तेव्हापासून पाककृतीत आठ तास लिहिले असले की ती टायमर सहावर लावते. पुढचा वेळ भांडं आपोआप 'वॉर्म'वर जातं. गोल खटका फिरवायची जुनी भांडी असं करत नाहीत, ती बंद करेपर्यंत शिजवतच राहतात. बारा तास घराबाहेर राहणाऱ्याला टायमर असलेलं भांडंच परवडतं. बाकीची बटणं शोभेची.

'लो' म्हणजे मंद आच आणि 'हाय' म्हणजे मोठी आच, असा गॅसवर वाढलेल्या माणसाचा समज असतो. बहुतेक भांड्यांत दोन्ही शेवटी एकाच जागी, उकळीच्या जरा खाली येऊन थांबतात. फरक पोचण्याच्या वेगाचा. 'हाय'वर तीन-चार तास लागतात, 'लो'वर सात-आठ. म्हणून 'हाय'वर ठेवलं की जास्त चांगलं उकळेल आणि रस्सा आटेल, ही आशा व्यर्थ आहे. आटण्यासाठी वाफ बाहेर जावी लागते. इथं काचेच्या झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत आत उतरते. गॅसवरच्या अंदाजानं पाणी घातलं तर संध्याकाळी घातलं तेवढं सगळं मिळतं, वर मटणाचं आणि कांद्याचं सुटलेलं पाणी वेगळं. पाणचटपणाचं रहस्य एवढंच. ती आता नेहमीच्या निम्म्यानं पाणी घालते, तेही केटलमध्ये उकळून.

उकळून का, याचं उत्तर या भांड्याच्या जन्मकथेत सापडतं, आणि ती कथा शिकागोचीच आहे.

आयर्विंग नॅक्सन हा शिकागोत राहणारा ज्यू इंजिनियर आणि शोधक. आई लिथुआनियातल्या विल्नो शहरातून आलेली. ज्यू लोकांच्या शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही. पण शनिवारी दुपारी गरम जेवण तर हवं. त्यावर त्यांचा तोडगा म्हणजे चोलंट: मांस, घेवड्याच्या बिया, जव, बटाटे यांचं कालवण. आई लहान असताना शुक्रवारी संध्याकाळी ते भांडं बेकरीत नेऊन द्यायची. शब्बाथसाठी भट्टी विझवलेली, पण आतली ऊब रात्रभर टिकून. दुसऱ्या दिवशी शिजलेलं भांडं घरी यायचं. ही आठवण ऐकून मुलानं विजेवर चालणारं भांडं केलं. १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, जानेवारी १९४० मध्ये ते मिळालं. भांड्याचं नाव 'नॅक्सन बीनरी', कारण ते मुळात घेवडा शिजवण्यासाठी होतं. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीनं त्याचा व्यवसाय विकत घेतला, भांड्याला नवं रूप आणि 'क्रॉक-पॉट' हे नाव दिलं, आणि १९७१ मध्ये शिकागोच्याच गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडलं. नोकरीला बाहेर पडणाऱ्या बायकांची संख्या अमेरिकेत वाढत होती, त्यामुळे ते झपाट्यानं खपलं. १९७५ मध्ये मेबल हॉफमन यांचं 'क्रॉकरी कुकरी' हे पुस्तक आलं आणि त्याच्याही लाखो प्रती खपल्या.

शब्बाथचा हा नेम मराठी मुलखाला अनोळखी नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. अन्न ठेवून कामाला जायची सोयही आपल्याकडे होती. बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये काढलेला इकमिक कुकर, म्हणजे खाली कोळशाची शेगडी आणि वर एकावर एक डबे, सकाळी लावून ऑफिसला गेलेल्या एकट्या पुरुषांना आल्यावर गरम वरणभात द्यायचा.

तर, बेकरीची भट्टी. ती दिवसभर पाव भाजून कडक तापलेली असायची आणि भांडं आत गेल्यावर सावकाश निवत जायची. आधी जाळ, मग ऊब. विजेच्या भांड्यात क्रम उलटा झाला. ते थंडगार सुरू होतं आणि तासन्‌तास रेंगाळत तापतं. हा उलटा क्रम नर्सबाईंच्या लक्षात आणून दिला तो सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आलेल्या सासूबाईंनी. त्यांना नॅक्सन माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना चुलीचा वैल, म्हणजे शेजारचं मंद आचेचं तोंड, माहीत होता. ओट्यावरच्या भांड्यापुढे त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, काचेतून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "शिट्टी नाही, वाफ नाही, शिजतंय हे कळायचं कसं? आणि अगं, आधी चांगली उकळी येऊ द्यायची, मगच वैलावर सारायचं. तू तर एकदम वैलावरच ठेवलंयस."

सासूबाईंच्या या वाक्यात चवीचाही मुद्दा होता आणि सुरक्षिततेचाही. ४ ते ६० अंश सेल्सियस हा टप्पा जंतूंच्या वाढीचा. त्यातून अन्न जितक्या लवकर पार होईल तितकं बरं. फ्रीजरमधला मटणाचा गोळा तसाच भांड्यात टाकला तर तो या टप्प्यात कितीतरी तास अडकतो. म्हणून गोठलेलं मांस रात्रीच खालच्या फ्रीजमध्ये उतरवून ठेवायचं आणि सकाळी गॅसवर उकळी आणूनच भांड्यात ओतायचं. चिरलेली भाजी आणि मांस चिनी मातीच्या त्या जाड भांड्यातच घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची सोय मोह पाडणारी असते. पण गार झालेलं ते जाड भांडं तापायला आणखी वेळ घेतं, आणि तापलेल्या कवचात एकदम बसवलं तर तडकूही शकतं.

आता मटण. कोल्हापुरी स्वयंपाकात या भांड्याची खरी जागा आहे ती अळणीची, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बाकीचं आपोआप बसत गेलं. कोल्हापुरात मटण थेट मसाल्यात शिजवत नाहीत. आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून, कांद्यावर परतून पाण्यात शिजवतात. त्या पाण्याला अळणी म्हणतात. घरात लहान मूल असेल, कुणी आजारी असेल, तर वाटीभर अळणी आधी त्यांना. मग त्याच अळणीचा एक भाग पांढऱ्या रश्शात जातो, एक तांबड्यात, आणि शिजलेल्या फोडी सुक्या मटणात. म्हणजे मऊ करण्याचं काम एकीकडे आणि चवीचं दुसरीकडे अशी वाटणी या पद्धतीत आधीपासूनच आहे. भांड्याला त्यातलं पहिलं काम दिलं की दुसरं संध्याकाळी गॅसवर अर्ध्या तासात उरकतं.

मटण डेव्हन अव्हेन्यूवरच्या हलाल दुकानातून येतं. शिकागोच्या उत्तर भागातला हा रस्ता भारतीय-पाकिस्तानी दुकानांचा. १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान उघडलं ते इथंच. दुकानदार विचारतो, बोनलेस देऊ का? ती नको म्हणते. खांदा, मान आणि नळ्या हव्यात. या भागांत सांधे जोडणारा चिवट भाग भरपूर असतो. तो साधारण ७० अंशांच्या पुढे सावकाश विरघळतो आणि रश्शाला अंगचा दाटपणा देतो. मांडीच्या बोनलेस फोडींत तो फार कमी, त्यामुळे त्यांचे तासन्‌तास शिजून नुसते धागे होतात. चिकनच्या छातीचा तर चोथा होतो. आयुष्यभर शिट्ट्या मोजलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं, तिथं चिवट भागही पाऊण तासात नमतो. इथं तेच काम उकळीच्या खाली होतं, म्हणून दिवस लागतो. पण फोडी ढवळल्या जात नाहीत, अळणी गढूळ होत नाही, आणि नळीतला मगज नळीतच राहतो. जेवताना नळी ताटावर आपटायचा मान कुणाचा, यावर त्या घरात अजूनही वाद होतात.

सकाळचं काम पाऊण तासाचं. साडेपाचला कढईत चमचाभर तेल, त्यावर बारीक चिरलेला कांदा, तो नरम झाला की रात्री हळद-मीठ आणि आलं-लसूण लावून ठेवलेलं मटण. झाकण न ठेवता परतायचं. आधी त्याला पाणी सुटतं, मग ते आटतं आणि तळाला चिकटायला लागतं. हा चिकटण्याचा क्षण महत्त्वाचा. मांसाचा आणि कांद्याचा खमंगपणा साधारण १४० अंशांच्या वर जन्माला येतो, आणि जोवर भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० च्या पुढे जात नाही. बंद क्रॉकपॉटमध्ये कांदा दिवसभर ठेवला तरी तो लाल होणार नाही, फक्त उकडेल, आणि त्याचा कच्चा वास झाकणाखाली कोंडून राहील. कढईत चिकटलेलं ती उकळतं पाणी घालून उलथन्यानं खरवडून घेते आणि तेही भांड्यात ओतते. फोडी जेमतेम बुडतील एवढंच पाणी. झाकण. सव्वासहाला ती घराबाहेर.

संध्याकाळी अळणी गाळून घेतली की एका पातेल्यात पांढरा: तुपावर वेलदोडा, लवंग, दालचिनी, मिरी, त्यावर काजू, तीळ आणि खसखशीचं वाटण, मग अळणी, आणि अगदी शेवटी मंद आचेवर नारळाचं दूध. हे दूध सकाळीच भांड्यात घातलं तर फुटतं; दह्याचं आणि सायीचंही तेच. दुसऱ्या पातेल्यात तांबडा: रविवारी कांदा आणि सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलेलं असतं. त्यातले दोन-चार तुकडे तेलावर, मग कांदा-लसूण मसाला, ज्याला कोल्हापुरात नुसतं चटणी म्हणतात, तेल सुटेपर्यंत परतायचा आणि वर अळणी. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून चटणी सकाळीच अळणीत टाकली तर रस्सा मातकट दिसतो आणि वर कट येत नाही. आणि कटाशिवाय तांबडा रस्सा त्या घरात वाढला जात नाही, पाहुणा कितीही भुकेला असो.

मसाल्याचंही वेळापत्रक असतं. अख्खी लवंग किंवा दालचिनी दिवसभर पाण्यात राहिली तर रश्शात नको तेवढी उतरते, कडवट लागते. दळलेल्या मसाल्याचं उलट, त्याचा वास दुपारपर्यंत उडून गेलेला असतो. म्हणून भांड्यात जेवढं कमी तेवढं बरं. अमेरिकन पुस्तकांतल्या पाककृतींत सकाळीच सहा-सात पुड्या भांड्यात घालायला सांगितलेल्या दिसतात. त्या वाचताना हसू येतं.

राजम्याबाबत मात्र हसण्यासारखं काही नाही.

कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही माणसाला आजारी पाडायला पुरतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या, मग जुलाब. उकळत्या पाण्यात हे विष दहा मिनिटांत निकामी होतं. अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन खात्री म्हणून अर्धा तास उकळायला सांगतं. पण ८० अंशांच्या आसपास ते नष्ट होत नाहीच, उलट कच्च्या दाण्यापेक्षा कित्येक पट वाढू शकतं. स्लो कुकर नेमका याच टप्प्यात तास काढतो. आपल्याकडे राजमा प्रेशर कुकरमध्येच शिजतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला हे कळायची वेळच आली नाही. ज्या भांड्याचं पहिलं नाव बीनरी, त्यातच राजमा थेट टाकायचा नाही, हा विरोधाभास. तिचा नेम ठरलेला आहे. रात्रभर भिजवल्याचं पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळायचं, आणि मगच भांड्यात. शेजारच्या घरी पॉटलकला कुणी क्रॉकपॉटमधला राजमा आणला की ती आधी शांतपणे विचारते, "उकळला होतास ना गं?" लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

बाकी कडधान्यांना ही भीती एवढी नाही, पण आंबटाचं पथ्य सगळ्यांना आहे. टोमॅटो, चिंच, आमसूल सुरुवातीलाच घातलं तर हरभरा दिवसभर शिजूनही दाताखाली टचकन लागतो. आंबट शेवटच्या अर्ध्या तासात. मिठानं कडधान्य शिजत नाही, हा समज मात्र सोडून द्यायला हरकत नाही. भिजवायच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर सालं उलट लवकर नरम होतात.

सासूबाई आल्यावर पहिले काही दिवस सगळं अर्धंकच्चं का निघतंय, ते तिला कळेना. भांडं तेच, वेळ तीच. मग एका सुट्टीच्या दिवशी तिनं पाहिलं. सासूबाई येता-जाता झाकण काढून पळीनं ढवळत होत्या, हाताला येईल तो दाणा चेपून बघत होत्या. त्यात त्यांचं काय चुकलं? पातेल्यातलं अन्न असंच राखतात. पण इथं प्रत्येक वेळी झाकण काढलं की कोंडलेली उष्णता जाते आणि ती भरून यायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. "आई, झाकण तेवढं उघडू नका," असं सांगितल्यावर त्यांनी उघडायचं थांबवलं, पण काचेवर टिचक्या मारून थेंब पाडायचे आणि आत डोकावायचं, ही वाट काढली. त्याला हरकत नव्हती.

त्यांना एक गोष्ट मात्र अखेरपर्यंत पटली नाही, ती म्हणजे बटाटा मटणाच्या खाली ठेवायचा. बटाटा कोवळा, मटण निबर, मग बटाटा आधी शिजायला हवा, हा त्यांचा हिशेब गॅसवर अगदी बरोबर आहे. पण बटाट्यातला आणि गाजरातला चिवट भाग सैल व्हायला साधारण ८५ अंशांच्या पुढचं तापमान लागतं, मटणाचा त्याच्या खालीही सैल होतो. म्हणून मंद भांड्यात कंदमुळं मागे राहतात. त्यांना तळाशी आणि कडेला, जिथं तार गुंडाळलेली असते, तिथं जागा द्यायची. हल्ली इन्स्टंट पॉटमध्येही स्लो कुकरचं बटण असतं. त्याची तापणारी तबकडी फक्त बुडाशी असल्यानं तिथं बटाटे आणखी हट्टीपणा करतात. भेंडी, पालेभाजी, मासे, पातळ वांगी या कुणाचंच इथं काम नाही. मोकळा भातही नाही. गुरगुट्या भात मात्र असा होतो की त्याला तोड नाही: तांदूळ, थोडी मुगाची डाळ, मीठ, हिंग, दीडपट जास्त पाणी, आणि वाढताना वरून तूप-जिऱ्याची फोडणी. रात्रपाळीहून सकाळी येणाऱ्या तिच्या सहकारी नर्सेसना तिनं हा शिकवला. त्यातल्या फिलिपिनो मैत्रिणींना शिकवायची गरज पडली नाही. त्यांच्याकडे त्याचाच आल्याचा भाऊ असतो, अरोस काल्डो.

वीज गेली तर? भारतातून आलेल्याला अमेरिकेत हा प्रश्न सुचत नाही, पण शिकागोच्या परिसरात उन्हाळी वादळं मोठी येतात. १० ऑगस्ट २०२० ला आयोवा ओलांडून आलेलं डेरेचो वादळ, म्हणजे सरळ रेषेत शेकडो मैल धावणारा वाऱ्याचा लोंढा, दुपारी इलिनॉयमध्ये आलं आणि लाखो घरांची वीज गेली. अशा दिवशी घरी परतल्यावर भांड्यातलं अन्न शिजलेलं दिसलं, गरम लागलं, तरी ते टाकून द्यायचं, कारण वीज किती वेळ नव्हती हे बारा तास बाहेर असलेल्याला कळायला मार्ग नाही. ओव्हनवरचं घड्याळ लुकलुकतंय का, हे ती घरात शिरताना आधी बघते. मटण महाग असतं, टाकताना जीव तुटतो. सासूबाईंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या दिवसभर बोलल्या नाहीत. वॉर्डात अन्नाच्या विषबाधेचे पेशंट पाहिलेली सून ऐकणार नव्हती.

उरलेल्याचंही तसंच. चिनी मातीचं जाड भांडं तासन्‌तास ऊब धरून ठेवतं, त्यामुळे त्यातच रस्सा निवायला ठेवला तर तो रात्रभर कोमट राहतो. आणि शिजवूनही जिवंत राहणारे काही जंतू अशाच कोमट रश्शात वाढतात. जेवण झाल्यावर तासाभरात उथळ डब्यांत काढायचं आणि फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते गॅसवर खळखळून, क्रॉकपॉटमध्ये नाही.

सासूबाईंची परतायची तारीख जवळ आली तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "आई, एक नवा घेऊन देऊ का? घेऊन जाशील?" तसा तो नेऊन उपयोग नव्हता. अमेरिकेतली भांडी १२० व्होल्टची, कोल्हापुरात वीज २३० व्होल्टची. थेट लावलं तर आतली तार जळून जाणार, आणि मधे ट्रान्सफॉर्मर लावायचा तर बॅगेचं वजन त्यातच संपायचं. पण हे कुणी बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "मला कशाला? मला काय सातला पाळीवर जायचंय?" थर्मामीटर तेवढा त्यांनी मागून घेतला. तिळाच्या वड्यांचा गुळाचा पाक नेमका किती अंशाला येतो ते बघायचंय म्हणाल्या.